शितावरून भात

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण पहिल्यांदा कोणाच्या तोंडून बाहेर पडली, हे भाषेच्या इतिहासात कुठे नोंदलेले नाही. पण ती बाईच असली पाहिजे. भात शिजला की नाही हे पुरुषांना तो ताटात पडल्यावरच कळते! हे वाक्य वाचून ज्या पुरुष वाचकांनी ‘वा! आमच्या घरी रोज कुकर मीच लावतो’ असे म्हणत भुवया चढवल्या असतील, त्यांना आजचा विषय समजावून सांगण्याचे माझे निम्मे काम झाले. एका वाक्यात आपण सगळे एका पातेल्यात ढकलले गेलो की कसे वाटते, याची चव त्यांनी घेतली आहे. मला आज या म्हणीविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. फराळाची बशी बाजूला ठेवलीत तर उत्तमच. नाही ठेवलीत तरी हरकत नाही, शेवटी तिच्याकडेच यायचे आहे.

स्वयंपाकघरात ही म्हण सोळा आणे खरी. एकाच पोत्यातले तांदूळ, एकच पातेले, एकच पाणी, खाली एकच आच. त्यातले एक शीत बोटांत दाबून पाहिले की बाकीच्या हजारांची हकीकत कळते. पण आपण ही म्हण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून बाहेर आणतो आणि माणसांना लावतो. एका रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त घेतले की त्याचा सबंध प्रांत लबाड ठरतो. एका भाडेकऱ्याने भाडे बुडवले की त्याची भाषा बोलणारे कोट्यवधी लोक बुडवे ठरतात. माणसे काही एका पातेल्यात शिजत नाहीत. एका घरात वाढलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एक हिशेबी निघतो आणि दुसरा उधळ्या. मग अख्खा प्रांत एका मापाने मोजायचा तो कसा?

मी ज्या भागात राहते आणि शिकवते, तिथे या म्हणीचा खप जरा जास्तच आहे. त्याला कारणही तसेच आहे. पिंपरी-चिंचवड हे एका गावाचे शहर झालेले नाही, ते अनेक गावांतून आणि अनेक प्रांतांतून येऊन जमलेले शहर आहे. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे पिंपरीत वसली. त्या वस्तीला लोक आजही ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात. १९५४ साली पेनिसिलीन बनवण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्माला आले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळांवर कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. १९७० साली इथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सतरा लाखांवर मोजली गेली. चाकणला लोक एके काळी कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखत. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेशी झुंज दिली ती याच गढीत. आता ते मोटारींचे गाव झाले आहे. २००९ साली तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. इतरही देशी-विदेशी कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली.

सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात उभे राहावे. कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, कंटेनर आणि त्यांच्या फटींतून निघालेल्या दुचाक्या. पाठीवर डब्याची पिशवी घेतलेला कोणी लातूरचा असतो, कोणी जळगावचा, कोणी विजापूरचा, कोणी गोरखपूरचा, कोणी दरभंग्याचा. वातानुकूलित मोटारीत मागे बसलेला एखादा जर्मन किंवा कोरियन साहेब घड्याळाकडे बघत असतो. वाहतुकीची कोंडी हीच काय ती त्या सर्वांची समान मातृभाषा! ती मात्र सगळेच अस्खलित बोलतात.

इतक्या अनोळखी माणसांत रोज वावरायचे म्हणजे मन दमते. प्रत्येकाची चौकशी करायला वेळ कोणाला? मग मन एक सोय करते. आपल्या फडताळात जशा डब्यांवर चिठ्ठ्या असतात, ‘जिरे’, ‘मोहरी’, ‘साबुदाणा’, तशा चिठ्ठ्या ते माणसांवर चिकटवून टाकते. बिहारी म्हणजे अमुक, मारवाडी म्हणजे तमुक, मद्रासी म्हणजे आणखी काही. सोय वाईट नाही. पण ज्या घरात आजी आहे त्या घरातल्या फडताळाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. डब्यावर लिहिलेले असते बिस्किटे आणि आत निघते हरभऱ्याची डाळ. डबा वनस्पती तुपाचा आणि त्यात तुळस! म्हणून शहाणी सून चिठ्ठी वाचून थांबत नाही, झाकण काढून बघते. माणसांच्या बाबतीत मात्र आपण झाकण काढण्याचे कष्ट घेत नाही.

आणि या चिठ्ठ्यांवरचे शब्द तरी बघा. उत्तरेकडून आलेल्या माणसाला आपण ‘भय्या’ म्हणतो. भय्या म्हणजे भाऊ. दक्षिणेकडून आलेल्याला ‘अण्णा’ म्हणतो. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे तर अण्णासाहेब किर्लोस्करांपासून अण्णा भाऊ साठ्यांपर्यंत कितीतरी मोठी माणसे या नावाने वंदनीय झाली. मराठवाड्यात आणि विदर्भात घरातल्या लाडक्या मुलाला ‘भैय्या’ म्हणतात. शब्द तेच, पण म्हणणाऱ्याच्या नाकाची ठेवण जरा बदलली की भावाची शिवी होते. भाऊ या अर्थाचे दोन प्रेमळ शब्द घेऊन त्यांतून परकेपणा काढून दाखवणे, ही करामत दुसऱ्या कोणत्या समाजाला साधली असेल की नाही, शंका आहे.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे माझे लक्ष मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दांकडे जास्त जाते. ‘पण’ हा असाच एक शब्द. ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ ‘वॉचमन बिहारी आहे, पण प्रामाणिक आहे.’ ‘मद्रासी असून मराठी किती छान बोलतो नाही?’ हे बोलणाऱ्या माणसाला आपण कोणाची निंदा केली असे स्वप्नातही वाटत नाही. उलट आपण कौतुकच केले असे त्याला वाटते. पण वाक्याचा हिशेब मांडून बघा. सावळेपणाने झालेली तूट नाकाडोळ्यांनी भरून काढली. बिहारी असण्याचा खड्डा प्रामाणिकपणाने बुजवला. व्याकरणात ‘पण’ला ‘न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय’ म्हणतात. विद्यार्थी हे नाव पाठ करताना रडकुंडीला येतात. मी त्यांना सांगते, नावावर जाऊ नका, काम बघा. पहिल्या वाक्यात काहीतरी उणे आहे, हे हा एवढासा शब्द गुपचूप सांगून जातो. विटेवरच्या सावळ्याला आपण डोळे भरून पाहतो आणि घरी येऊन सुनेच्या वर्णनात ‘पण’ घालतो!

आता कोणी म्हणेल, ‘अहो, उगाच का म्हणतो आम्ही? अनुभव आहे आमचा!’ अनुभव खोटा नसतो. रिक्षावाल्याने दहा रुपये खरेच जास्त घेतलेले असतात. माझे म्हणणे एवढेच, की त्या अनुभवाचे पुढे आपण काय करतो ते पाहावे. आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या माणसाने फसवले तर आपण काय म्हणतो? ‘प्रत्येक घराण्यात निघतो एखादा असा.’ म्हणजे तो तांदळातला खडा झाला. काढून टाकला, तांदूळ पुन्हा स्वच्छ! परक्या माणसाने तेच केले तर मात्र तो खडा राहत नाही, तो शीत होतो, आणि त्याच्यावरून भाताची परीक्षा होते. आपल्यातला वाईट माणूस म्हणजे खडा आणि त्यांच्यातला वाईट माणूस म्हणजे शीत. सगळ्या पूर्वग्रहांचे मूळ या दुहेरी मापात आहे. चांगल्या माणसाच्या बाबतीत हेच माप उलटे फिरते. आपल्यातला सज्जन हे आपल्या संस्कृतीचे शीत आणि त्यांच्यातला सज्जन हा मात्र अपवाद!

हे माप केवळ गप्पांत वापरले जाते तोवर हसण्यावारी नेता येईल. पण ते माणसाच्या डोक्यावरच्या छपरापर्यंत पोहोचते. गेल्या वर्षी एका गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीला बसण्याचा योग आला. विषय साधा होता. परदेशी गेलेल्या एका सभासदाचा फ्लॅट नागालँडच्या दोन मुलींना भाड्याने द्यायचा होता. दोघी एका रुग्णालयात परिचारिका. पोलीस पडताळणीचे कागद तयार, अनामत रक्कम तयार, मालकाची संमती ईमेलने आलेली.

सेक्रेटरींनी चष्मा पुसत सुरुवात केली. “माझं व्यक्तिशः काहीच म्हणणं नाही. पण लोक विचारतात.”

“काय विचारतात?”

“हेच, की त्या... म्हणजे चायनीजसारख्या दिसतात.”

“नागालँड भारतात आहे हो,” कोणीतरी म्हणाले.

“ते मला ठाऊक नाही का? मी फक्त लोकांचं सांगतोय. शिवाय त्यांचं खाणंपिणं. वास येतो म्हणे फार.”

यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हळूच खिडकीकडे पाहिले. रविवारची सकाळ होती आणि स्वतः सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरातून सुके बोंबील भाजल्याचा घमघमाट जिन्यातून थेट सभेत आला होता. सभेचे कामकाज काही क्षण तहकूब झाले! हसू ओसरल्यावर तिसरा मुद्दा निघाला. मुली रात्री-अपरात्री येतात-जातात.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या अप्पांनी तोंड उघडले. अप्पांनी ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी ते रत्नागिरीहून येऊन हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

“सेक्रेटरी, गेल्या पावसाळ्यात तुमच्या आईसाहेब दवाखान्यात होत्या ना?” अप्पांनी विचारले.

“होत्या. बारा दिवस.”

“रात्री दोन वाजता इंजेक्शन द्यायला कोण येत होतं?”

सेक्रेटरी काही बोलले नाहीत.

“रात्री-अपरात्री येणारीच कोणीतरी येत होती. तेव्हा तिचं तोंड कुठल्या बाजूचं आहे ते आपण पाहिलं नाही. सुई हलक्या हातानं टोचते का, ते पाहिलं. आमच्या कॉलनीत एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला बंगाली, वर पंजाबी. आमच्या आईला पहिला महिना सरसूच्या तेलाचा वास सोसेना. त्यांना आमच्या सुक्या मासळीचा सोसत नसणार, ते भिडेनं बोलले नाहीत. पुढं आई आजारी पडली तेव्हा रात्र रात्र उशाशी कोण बसलं असेल? ती बंगालीण! आणि आम्ही सगळ्यांनी मिळून जे पेनिसिलीन बनवलं, त्याच्या बाटलीवर कोणाचा प्रांत लिहिलेला नव्हता. घेणाऱ्यानं कधी विचारलाही नाही.”

सभा थोडा वेळ गप्प झाली. मीही माझे म्हणणे मांडले आणि ते नोंदवून घ्यायला लावले. कोणी विरोध केला नाही. कोणी ‘नाही’ म्हणालेच नाही. एवढेच ठरले, की विषय नाजूक आहे, सर्व सभासद हजर नाहीत, तेव्हा पुढच्या बैठकीत निर्णय घ्यावा. पुढची बैठक दीड महिन्याने झाली. तोवर त्या मुलींनी रुग्णालयापासून दोन बस बदलून जावे लागेल अशा ठिकाणी एक खोली घेतली होती. इतिवृत्तात लिहिले गेले, ‘विषय आपोआप निकाली निघाला.’

मला त्या बैठकीतली हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते. नकार कोणी दिला नाही आणि घर मात्र मिळाले नाही. शिवी नाही, आरडाओरड नाही, सर्व काही सभ्यपणे. आपल्या मध्यमवर्गाचा पूर्वग्रह हा असा पायमोजे घालून चालतो. आपल्याला त्यांच्या हातचे इंजेक्शन चालते, त्यांनी बोल्ट आवळलेली मोटार चालते, त्यांनी रचलेल्या भिंतीत आपण वास्तुशांत करतो. हात चालतो, त्या हातामागचा माणूस शेजारी चालत नाही.

घर नाकारण्याची ही कला काही आजची नाही. १९१७ साली अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आडोसा घेतला, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एवढ्या विद्येचा माणूस समोर उभा होता. पण लोकांनी पाहिली ती फक्त चिठ्ठी. पुण्याच्या वाड्यांतून ‘आपण कोण?’ हा प्रश्न विचारला जाई तेव्हा विचारणाऱ्याला नाव नको असे, जात हवी असे. तोच प्रश्न आज ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा सुटाबुटात येतो. भारताच्या संविधानाने १९५० सालापासून प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला मात्र फार वेळ लागतो.

आणि जे आज पायमोजे घालून चालते, ते उद्या काठी घेऊन धावू शकते. २०१२ सालची गोष्ट फार जुनी नाही. त्या जुलैत आसाममधल्या कोक्राझार भागात दंगली झाल्या. त्याचा सूड म्हणून पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना गाठून मारहाण झाली. मार खाणाऱ्यांत मणिपूरचे तरुणही होते. त्यांचा आसामच्या दंगलीशी काय संबंध? संबंध एवढाच, की मारणाऱ्यांच्या नजरेला ते सगळे ‘तसेच दिसतात’. शितावरून भात! मग मोबाइलवरून अफवा उठल्या आणि ऑगस्टच्या मध्याला बंगळूर, पुणे, हैदराबाद, चेन्नई या शहरांतून हजारो मुले-मुली मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. केंद्र सरकारला एकगठ्ठा पाठवल्या जाणाऱ्या संदेशांवर काही दिवस बंदी घालावी लागली. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या निदो तानियाच्या केसांची टिंगल झाली, त्यावरून भांडण झाले, त्याला मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. २०२० साली साथ आली तेव्हा ईशान्येकडच्या लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जाऊ लागल्या आणि गृह मंत्रालयाला सर्व राज्यांना पत्र पाठवून हा प्रकार थांबवायला सांगावे लागले. त्यांतल्या कित्येक मुली त्याच वेळी रुग्णालयांत आपल्याच रुग्णांची सेवा करत होत्या.

त्याच २०२० सालचे आणखी एक दृश्य या पट्ट्याने पाहिले. टाळेबंदीत कारखाने बंद पडले, खोल्यांची भाडी थकली आणि ज्यांना आपण ‘हे लोक’ म्हणत होतो ते लोक डोक्यावर बोचकी घेऊन चालू लागले. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या. ‘गेले एकदाचे’ असे ज्यांनी म्हटले, त्यांच्याच तोंडून पुढे कारखाने उघडल्यावर ‘माणसे मिळत नाहीत हो’ असे ऐकू आले. ‘लोक’ गेले होते, उणीव भासली ती ‘माणसां’ची. भाषा कधी कधी आपल्या नकळत खरे बोलते.

पण ही गोष्ट एकाच बाजूने सांगितली तर माझेही माप दुहेरी होईल. चाकणच्या आसपासच्या गावांत जाऊन पाहावे. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी. वडिलोपार्जित शेती औद्योगिक वसाहतीत गेली. काहींनी मिळालेल्या पैशात मोटार घेतली आणि शेताच्या उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्यांत परप्रांतातले कामगार दाटीवाटीने राहतात; त्यांच्या भाड्यावर घर चालते. आणि घरचा मुलगा आयटीआय होऊन बसलेला. तो कंपनीच्या दारात गेला की पहिला प्रश्न येतो, ‘गाव कोणतं?’ त्याने जवळचे गाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो. ‘स्थानिक पोरं दांडगाई करतात, जत्रेला दांड्या मारतात, युनियन काढतात,’ असे एक शीत कोणी केव्हा तरी दाबून ठेवलेले असते. या मुलाने आयुष्यात कोणाला अरेरावीने शब्द बोललेला नसतो. पण चिठ्ठी त्याच्याही कपाळावर आधीच चिकटलेली!

मग तो घरी येतो आणि त्याचा राग निघतो तो पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकऱ्यावर. वास्तविक त्या भाडेकऱ्यालाही कायमची नोकरी नसते. तोही ठेकेदाराच्या हाताखाली कंत्राटावर, आज आहे तर उद्या नाही. त्याला कामावर घेतात ते तो गुणी आहे म्हणून नव्हे. ‘हे लोक मुकाट्याने राबतात’ असे आणखी एक शीत दाबलेले असते म्हणून. दोघांनाही एकाच चाळणीने चाळलेले. फक्त एकाला वर ठेवले, एकाला खाली सांडले. हे दोघे एकमेकांकडे डोळे वटारून बघत राहिले की चाळणी हातात धरणारा मात्र कोणालाच दिसत नाही. माझ्या वर्गात या दोन्ही घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. गोरखपूरहून भोसरीला आलेल्या एका वेल्डरचा मुलगा ‘मला भावलेला माणूस’ या विषयावर आपल्या घरमालकाच्या आईबद्दल लिहितो, तेही खेड तालुक्याच्या ठसकेबाज मराठीत. ती आजी त्याला ‘भय्याचा पोरगा’ म्हणत नाही. ती त्याच्या नावाने हाक मारते आणि भाकरी खायला बोलावते. सबंध निबंधात त्याने दुसरे काहीच कारण दिलेले नाही. त्याला ते पुरले आहे.

आपणही कोणाच्या तरी फडताळातले डबे आहोत, हे विसरू नये. मुंबईत मराठी कष्टकऱ्याला ‘घाटी’ म्हणून कितीदा हिणवले गेले असेल याची गणती नाही. त्याहून दूरचे सांगते. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्या इतिहासात ती पराक्रमाची पाने आहेत. बंगालमध्ये मात्र त्या घोडेस्वारांची, बारगिरांची, दहशत अशी बसली की एका अंगाईगीतात ‘बर्गी’ आले म्हणून बाळाला निजवतात. हे गीत बंगाली आया आजही म्हणतात. आपल्याकडे जसा बागुलबुवा, तसे तिथे आपण! कोलकात्यात नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलाला कोणी त्या अंगाईवरून जोखले, तर आपल्याला चालेल का? मग तोच न्याय इथे आलेल्या मुलाला नको?

आणि फार लांब कशाला जायचे? या कारखान्यांच्या पट्ट्याच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. आळंदीत सातशे वर्षांपूर्वी चार भावंडे होती. गावाने त्यांना नावाने ओळखले नाही. गावाच्या लेखी ती ‘संन्याशाची पोरे’. त्यांना वाळीत टाकले आणि शुद्धिपत्र आणायला पैठणला पाठवले, अशी परंपरेने आलेली कथा आहे. त्यांतल्या एका पोराने पुढे काय लिहिले ते आपण जाणतो. आज वारीला लाखो माणसे त्यांच्या नावाचा गजर करत चालतात. पण ज्यांनी त्या चिमुकल्यांवर चिठ्ठी चिकटवली, त्यांना आपल्या दारात कोण उभे आहे हे कळलेच नाही. चिठ्ठीने त्या पोरांचे हाल झाले, हे तर खरेच. आणि चिठ्ठी लावणारेही केवढ्याला मुकले!

मग करायचे काय? मोठ्या योजना सरकारने कराव्यात, समित्यांनी अहवाल द्यावेत, कायद्याने आपले काम करावे. या पानाचे वाचक म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी घरे. आपल्या हातात लहान गोष्टी असतात. दारावर रोज येणाऱ्या माणसाला प्रांत विचारण्याआधी नाव विचारावे आणि ते नाव नीट उच्चारायला शिकावे. आपले आडनाव इंग्रजांनी वेडेवाकडे लिहिले म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या हसत-चिडत आलो. मग नागा किंवा मणिपुरी नावाला ‘काहीतरी चिंगमिंग’ म्हणून सोडून देऊ नये. सोसायटीच्या बैठकीत ‘लोक विचारतात’ असे कोणी म्हणाले तर ‘कोणते लोक?’ असे तिथल्या तिथे, गोड आवाजात विचारावे. आणि मुलांसमोर बोलताना तो ‘पण’ सांभाळावा. मुले व्याकरण पुस्तकातून शिकत नाहीत, ती आपल्या तोंडून शिकतात.

आता त्या फराळाच्या बशीकडे वळू. तुम्ही म्हणाल, हिचा आणि या विषयाचा काय संबंध? बशीतले शंकरपाळे बघा. शंकराशी त्यांचे काही नाते नाही. फारसीतला ‘शकरपारा’ मराठी घरात येऊन राहिला आणि आपण त्याला देवाचे नाव दिले. चकलीची सख्खी बहीण कर्नाटकात ‘चक्कुली’ म्हणून नांदते. चिवड्यातला शेंगदाणा आणि त्यात तडतडलेली मिरची दोघेही सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतले, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेले. दारात लटकणाऱ्या आकाशकंदिलातला कंदील अरबी. ज्या पगारातून हे सारे झाले तो पगार हा शब्द पोर्तुगीज आणि कारखान्यात ज्याची वाट पाहिली तो बोनस इंग्रजीतून आलेला. या सर्वांना कोणी पडताळणीचे कागद मागितले नाहीत. आले, रुळले, आपले झाले. त्यांना वगळून दिवाळी करायची म्हटले तर बशीत फार थोडे उरेल.

ही बशी यंदा नेहमीच्या चार घरांत तर जाईलच. तिच्यासोबत आणखी एक भरा. जिन्याखालच्या खोलीत, समोरच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या मजल्यावरच्या त्या ‘भाडेकरू मुलांच्या’ दारात कोणीतरी आपल्या गावापासून हजार मैलांवर दिवाळीची रात्र काढत असेल. बशी द्या आणि नाव विचारा. रिकामी बशी परत पाठवू नये हा रिवाज देशभर आहे, तेव्हा दोन-चार दिवसांत तिच्यातून काहीतरी तुमच्याकडे येईल. कदाचित ठेकुआ असेल, कदाचित मुरुक्कू, कदाचित ज्याचे नावही आपण ऐकलेले नाही असे काही. वास वेगळा असला तरी दार लावून घेऊ नका. चाखून बघा, आणि आवडले नाही तर ते त्या दिवशीचे, त्या घरचे, त्या एका हातचे आवडले नाही एवढेच म्हणा.